वस्तू आतून पुसून घ्याव्यात

५ जुलै

वन्सं,

पत्र बघून दचकू नका, घरी सगळे ठीक आहेत. तुमच्या भावाचं वजन वाढलंय, तो मान्य करत नाही, बाकी मजेत आहे. पत्र माझ्या कामाचं आहे हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही शेवटच्या ओळीपर्यंत 'हिला हवंय तरी काय' करत वाचाल.

माझा पाचवीचा वर्ग तिसरीपासून माझ्याकडेच आहे. शनिवारी शेवटचा तास असतो, त्यात गेली दोन वर्षं आम्ही बिघडलेल्या वस्तू उघडतो. मुलं घरून आणतात. बंद पडलेली इस्त्री, खरखरणारा पंखा, मुकी झालेली दारावरची घंटा, जे मिळेल ते. स्क्रू काढून साबणाच्या डबीत ठेवायचे, आत काय चाललंय ते बघायचं, जमलं तर दुरुस्त करायचं आणि नाही जमलं तरी परत बंद करायचं. बंद करताना एखादा तुकडा हमखास हातात उरतो. तो दोऱ्याला बांधून मागच्या भिंतीवर लटकवायचा. त्या भिंतीचं नाव 'उरलंसुरलं'. आठवडाभर फळ्याकडे बघून जांभया देणारी पोरं या तासाला पाणी प्यायलाही उठत नाहीत. एक मुलगी पक्कड अशी चालवते की तिचं नावच पक्कडताई पडलंय. तिची आई सांगत होती, ही हल्ली घरातल्या चालू वस्तूंकडेही आशेने बघते.

अडचण एवढीच की अख्ख्या वर्गात मिळून स्क्रू ड्रायव्हर दोन आणि पक्कड एक. बाकीची पोरं चमच्याच्या दांड्याने खटपट करतात आणि बोटं सोलून घेतात. मला डझनभर स्क्रू ड्रायव्हर, चार पकडी आणि न डुगडुगणारं एक टेबल हवंय. बस.

काल शाळेत एक परिपत्रक आलं. 'सरकारी शाळांतील सर्जनशील वर्गप्रकल्पांसाठी लघु-अनुदान.' आणि खाली सही कुणाची, तर आमच्या वन्संची! शिक्षकांच्या खोलीत मी ते दोनदा मोठ्याने वाचून दाखवलं. तेव्हा आता सांगा, अर्ज कसा भरू?

नव्या घराला तुम्ही दिलेलं भिंतीवरचं घड्याळ झकास चाललंय.

तुमची वहिनी

• • •

१६ जुलै

वहिनीबाई,

आधी एक लक्षात ठेव. कार्यालयात फोन करायचा नाही. माझ्या टेबलावरच्या फोनचं दुसरं टोक समोरच्या तिघांच्या कानात असतं. घरच्या पत्त्यावर लिही. नात्यातल्या माणसाच्या अर्जाला मी हात लावणार नाही, तो दुसऱ्या टेबलावर जाईल. पण अर्ज कसा लिहावा हे सांगायला कुठल्या नियमाची आडकाठी नाही. मी तपासून पाहिलं.

हे लघु-अनुदान माझं बाळ आहे. तीन वर्षं मी त्याच्या मागे लागले होते. मोठमोठ्या इमारतींना पैसे देणारं खातं एखाद्या बाईच्या एका तासाला चार वस्तू का देऊ शकत नाही, असं मी भर बैठकीत विचारलं होतं. तेव्हा तुझ्यासारखीने अर्ज करावा यासारखा आनंद नाही.

आता तुझ्या चुका. 'बिघडलेल्या वस्तू' असं चुकूनही लिहू नकोस. समिती म्हणेल, शाळेची परिस्थिती वाईट दिसते, आधी चौकशी करा. 'स्क्रू ड्रायव्हर' तर मुळीच नको. समितीला त्यात सर्जनशील काही दिसणार नाही, दिसलंच तर फुटलेला डोळा दिसेल. प्रकल्पाचं नाव दे 'यंत्र-कुतूहल विकास केंद्र'. मग 'अभ्यासासाठी उपकरणे' या सदरात पंखा, इस्त्री, रेडिओ असं माग आणि त्या यादीच्या शेपटीला हळूच तुझी हत्यारं जोड. मोठ्या वस्तूंच्या गर्दीत लहान वस्तू निसटून जातात.

घड्याळ वेळ बरोबर दाखवतं ना? माझ्या उत्कृष्ट सेवेचं बक्षीस आहे ते. तुमच्याकडे दिलंय, पण जीव अडकलाय त्यात.

तुझी नणंद

• • •

३ सप्टेंबर

वन्सं,

अनुदान मंजूर झालं. सामान आलं. आणि मी कपाळाला हात लावून बसले आहे.

तुम्ही सांगितलंत तस्साच अर्ज केला होता. समितीने शेपूट कापलं आणि अंग पाठवलं. स्क्रू ड्रायव्हर आणि पकडी 'धोकादायक' म्हणून खोडल्या. टेबल 'फर्निचर' म्हणून खोडलं. आले काय, तर दोन कोरे पंखे, दोन इस्त्र्या, रेडिओ, मिक्सर, घंटा आणि विजेरी. सगळं नवंकोरं, कंपनीच्या सीलसकट.

खोकी वर्गात आली तेव्हा पोरं साबणाच्या डब्या घेऊन रांगेत उभी राहिली होती. पक्कडताईने बाह्या वर केल्या होत्या. तिने पंख्याच्या पहिल्या स्क्रूला चमचा लावला आणि दारातून हेडसर असे ओरडले की शेजारच्या वर्गातला पाढा थांबला. "हात लावू नका! सील तुटलं की हमी गेली! शाळेची मालमत्ता आहे ती!" मग शिपायाला बोलावून सगळं कपाटात घातलं, कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. आमचे हेडसर वाईट नाहीत हो. फक्त वरून आलेल्या प्रत्येक वस्तूला ते वरचे साहेबच समजतात.

तेव्हा मला एकच सांगा. या वस्तू उघडायच्या की नाही?

घड्याळ अगदी बिनचूक. तुमचा भाऊ त्यावर बघूनच ऑफिसला निघतो.

तुमची वहिनी

• • •

१४ सप्टेंबर

वहिनीबाई,

अभिनंदन! पहिल्याच फेरीत मंजुरी! एवढे अर्ज आले होते आणि तू रडतेस काय?

तुझ्या प्रश्नाचं उत्तर नियमात आहे. अनुदानातली वस्तू पाच वर्षं सुस्थितीत राहिली पाहिजे. मध्येच बिघडली तर तसं कळवायचं, मग तज्ज्ञ येऊन ती खरोखर बिघडली आहे का ते बघणार, आणि रीतसर रद्दबातल झाली की खुशाल उघड. तोपर्यंत 'बाह्य निरीक्षण' करता येईल. म्हणजे बाहेरून बघायचं. बाहेरूनही पुष्कळ शिकता येतं, मी खात्याकडे गेली सव्वीस वर्षं बाहेरूनच बघते आहे.

मात्र पाहणीची तयारी ठेव. पाहणीच्या तक्त्यात दोन रकाने आहेत. एक 'उघडून अभ्यासलेल्या वस्तू' आणि दुसरा 'सील शाबूत असलेल्या वस्तू'. दोन्हीत सगळ्याच्या सगळ्या वस्तू आल्या पाहिजेत, एखादी जरी कमी भरली तरी प्रकल्प अयशस्वी धरतात. आणि अयशस्वी प्रकल्पाचा तास तीन वर्षं बंद. तो तक्ता मीच केलाय, त्यामुळे त्यात चुका काढत बसू नकोस.

बाळ त्या घड्याळावर बघून ऑफिसला निघतो हे वाचून मला फारच आनंद झाला.

तुझी नणंद

• • •

२१ ऑक्टोबर

वन्सं,

हे पत्र रागाने लिहिते आहे. मोठ्या नणंदेशी असं बोलू नये हे मला कळतं, तरी लिहिते.

हेडसरांनी नवीन फतवा काढलाय. अधिकृत प्रकल्प शाळेत आला, तेव्हा त्याच विषयाचं अनधिकृत काही चालणार नाही. शनिवारी बिघडलेल्या वस्तू बंद. पोरांनी घरून आणलेल्या सगळ्या वस्तू परत पाठवल्या. भिंतीवरचं उरलंसुरलं उतरवलं, का तर पाहणीला कुणी आलं तर विचारतील, हे तुकडे शाळेच्या कुठल्या वस्तूचे पडले? दोन वर्षांत जमवलेले ते तुकडे पक्कडताईने एका पिशवीत भरले आणि दप्तरात टाकले.

आता शनिवारी काय होतं सांगते. हेडसर कुलूप काढतात. एक पंखा टेबलावर ठेवतात. सगळा वर्ग हाताची घडी घालून त्याच्याकडे बघतो. तास संपतो. पंखा कपाटात जातो. मागच्या शनिवारी पक्कडताईने हात वर केला. मला वाटलं बाहेर जायचंय. तर म्हणते, "बाई, हा बिघडणार कधी?" सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. मी 'पाच वर्षांनी' असं सांगू, वन्सं? पाच वर्षांनी ही पोरं या शाळेतही नसतील!

मला काहीही नकोय. तुमचं अनुदान परत घ्या, पंखे परत घ्या, मला माझे दोन स्क्रू ड्रायव्हर आणि तो एक तास परत द्या. आधी माझ्याकडे काही नव्हतं तेव्हा सगळं चाललं होतं. तुमच्या बाळाने माझ्या बाळांच्या हातातलं खेळणं काढून घेतलंय, एवढंच मला दिसतं.

तुमची वहिनी

• • •

२ नोव्हेंबर

वहिनीबाई,

तुझं पत्र पोचलं. दोनदा वाचलं.

अनुदान परत घेण्याची तरतूद नाही. मी नियम पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळले. देण्याबद्दल अकरा कलमं आहेत, परत घेण्याबद्दल एकही नाही. कुणी परत देईल असं मला तेव्हा सुचलंच नाही.

पाहणी २८ तारखेला आहे. समितीचे सदस्य साहेब येणार, बरोबर मीही येते आणि तुमच्याकडेच उतरते. तास वाचवायचा असेल तर वस्तू सीलबंदही दिसल्या पाहिजेत आणि उघडलेल्याही. मुलांना आतली चित्रं काढायला सांग आणि ती वस्तूंवर बाहेरून चिकटव. मला याहून चांगलं सुचत नाही.

बाकी तू बोललीस त्याचा राग नाही. माझ्या बाळाला कुणी बोललं की मला झोंबतं, तसं तुझ्या पोरांचं तुला झोंबणारच.

घड्याळ काढून ठेवू नकोस, मला बघायचंय.

नणंद

• • •

३० नोव्हेंबर

वन्सं,

तुमच्यासाठी खोली आवरून ठेवली होती, आणि मोटारीतून उतरले ते सदस्य साहेब आणि त्यांचा फोटोवाला. साहेब म्हणाले, नात्यामुळे ऐन वेळी तुमचं नाव वगळलं. तेव्हा काय झालं ते माझ्याकडूनच ऐका.

चित्रांची तुमची युक्ती चालली. वाईट एवढंच, की फारच चालली.

पोरांनी पंख्याचं पोट, इस्त्रीचं पोट, घंटेचं पोट असं काही काढलं होतं की मीच बघत राहिले. वायर कुठून येते, कुठे वळते, कुठला स्क्रू मागून लागतो, सगळं डोळे मिटून काढावं तसं. ती चित्रं सीलबंद वस्तूंवर चिकटवली. साहेब एकेका वस्तूपुढे थांबले आणि पोरं धडाधड सांगत गेली. साहेबांना सील शाबूत मिळालं, आतलंही सगळं मिळालं. तुमचे दोन्ही रकाने काठोकाठ भरले. मी मनात म्हटलं, सुटलो बाई एकदाचे!

आणि साहेबांनी भाषण केलं. "बघा! एकही वस्तू न उघडता या मुलांना आतलं सगळं दिसतं! म्हणजे वस्तू उघडायची गरजच नाही. ही पद्धत आपण सगळ्या शाळांत नेऊ. आणि इथून पुढे कुठल्याही शाळेत बिघडलेली वस्तू दिसता कामा नये." हेडसरांनी एवढ्या जोरात टाळ्या वाजवल्या की त्यांचा चष्मा घसरला.

मला ओरडून सांगायचं होतं की अहो, दोन वर्षं उघडलं म्हणून त्यांना दिसतं! पण हेडसर माझ्याकडे असे बघत होते, आणि अयशस्वी ठरलो तर तीन वर्षं तास बंद, या भीतीने माझी दातखीळ बसली. पुढच्या वर्षी जी नवी पोरं माझ्याकडे येतील ती कशाचं चित्र काढणार? सीलचं?

साहेब निघाले, तेव्हा पक्कडताई मोटारीपाशी जाऊन उभी राहिली. मला वाटलं, सही मागते आहे. तिने विचारलं, "साहेब, तुमचं काही बिघडलंय का?"

साहेब हसले. म्हणाले, "नाही बाळा, आमचं सगळं व्यवस्थित आहे." तिचा चेहरा एवढा पडला की फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेतला.

प्रकल्प यशस्वी झाला, वन्सं. आता तो कायमचा कुलपात राहील. मला रडू येतंय आणि इथे शिक्षकांच्या खोलीत सगळे माझं अभिनंदन करतायत.

तुमची वहिनी

• • •

१२ डिसेंबर

वन्सं, तुमचं उत्तर नाही. मी फार बोलले का? तुमचा भाऊ म्हणतो, ताई रागावली की आधी गप्प होते. दोन ओळी लिहा.

• • •

१९ जानेवारी

वहिनीबाई,

रागावले नव्हते. सामान हलवत होते.

पाहणीला नातं आडवं आलं, पण आता प्रश्न सगळ्या शाळांचा होता, म्हणून त्या पाहणीची फाईल शेऱ्यासाठी माझ्याकडेच आली. वर लिहिलेलं होतं, 'अत्यंत यशस्वी, सर्व शाळांत लागू करावे.' खाली माझी सही हवी होती. तुझं पत्र माझ्या पर्समध्ये होतं. मी सही केली नाही. शेरा मारला: 'मुलांना आतले दिसले, कारण त्यांनी ते पूर्वी उघडून पाहिले होते. या प्रकल्पात एकही वस्तू उघडलेली नाही. माझा तक्ता चुकीचा आहे.' शेवटचं वाक्य लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

आठवड्यात बदली झाली. लघु-अनुदान आता दुसरं कुणी बघतं. त्या दिवशी घरी येऊन मी खूप रडले, हे बाळला सांगू नकोस. माझा शेरा मात्र फाईलला चिकटून बसलाय. तो ओलांडायचा तर वर कुणालातरी सही करावी लागेल आणि तेवढी हिंमत कुणात नाही. तेव्हा ती फाईल आता या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहील आणि साहेबांची पद्धत काही कुठल्या शाळेत जात नाही.

आता बदली कुठे झाली ते ऐक. भांडारात. तळघरात. पहिल्या दिवशी दार उघडलं आणि दिवा लावला, तो दिवाही बिघडलेला. मग बॅटरीच्या उजेडात बघितलं. वहिनी, काय सांगू तुला! पंखे, टंकलेखन यंत्रं, फोन, रेडिओ, हीटर, घंटा, शिलाईची यंत्रं. खात्यात जे जे बिघडलं ते सगळं माझ्या तळघरात येऊन पडलंय. टाकता येत नाही, कारण रद्दबातल व्हायचंय. रद्दबातल होत नाही, कारण तज्ज्ञ येत नाही. सगळे म्हणतात मला शिक्षा झाली. मी तिथे उभी राहून एकटीच हसत होते.

टाकायची परवानगी नाही, पण सांभाळायला दुसऱ्या सरकारी जागेत ठेवता येतात. असा नियम आहे. तेव्हा पुढच्या आठवड्यात तुझ्या शाळेत एक ट्रक येईल, बरोबर हेडसरांच्या नावे आदेश. त्यातलं एक वाक्य तुला आत्ताच सांगते, रात्रभर बसून घडवलंय: 'सदर वस्तू धुळीने अधिक खराब होऊ नयेत म्हणून त्या दर शनिवारी उघडून आतून पुसून घ्याव्यात व पुन्हा बंद कराव्यात.' पुसायचं साहित्य म्हणून डझनभर स्क्रू ड्रायव्हर आणि चार पकडी जोडल्या आहेत.

आता एक शेवटचं. ते घड्याळ चालत नाही हे मला ठाऊक आहे. खात्याने दिलं तेव्हाच ते बंद होतं. व्यासपीठावरून उतरताना मी कानाला लावून पाहिलं होतं. घरात ठेवून रोज बघवेना, म्हणून तुम्हाला दिलं. दर पत्रात तू 'झकास चाललंय' लिहायचीस आणि मी मनातल्या मनात म्हणायचे, काय गुणाची भावजय मिळाली आहे मला!

तुझी नणंद, मुक्काम तळघर

• • •

२४ फेब्रुवारी

वन्सं,

दोन वर्षं मी तुमच्याशी खोटं बोलत होते आणि तुम्ही मजा बघत होतात! तुमच्या भावाला सांगितलं तर तो खुर्चीतून पडायचाच बाकी होता. बिचारा तुमच्यासमोर त्या घड्याळाकडे बघून मनगटावरचं जुळवून घ्यायचा.

ट्रक आला. हेडसरांनी आदेश वाचला, उभे राहूनच वाचला. वरून आलाय म्हटल्यावर प्रश्नच नाही. आता ते शनिवारी दर दहा मिनिटांनी वर्गात डोकावतात आणि ओरडतात, "अजून उघडलं नाही? अहवाल कधी पाठवायचा? उघडा, उघडा!" न डुगडुगणारं टेबल त्यांनी स्वतःच्या खोलीतलं दिलं. उरलंसुरलं परत भिंतीवर चढलं, पक्कडताईने ती पिशवी इतके महिने दप्तरात वागवली होती. कपाटातले पंखे मात्र तसेच आहेत, सील शाबूत. त्यांना आतून पुसायचा आदेश नाही.

पण ट्रक यायच्या आधीच्या शनिवारी मी एक काम केलं. तुमचं पत्र वाचलं, खुर्चीवर चढले, घड्याळ उतरवलं आणि पिशवीत घालून शाळेत नेलं. ते दिसू नये म्हणून वरून माझी शाल घातली होती. पक्कडताईच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हटलं, "बिघडलेलं आहे." तिने माझ्याकडे असं बघितलं की मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले.

दोन शनिवार लागले. घड्याळ चालू झालंय, वन्सं. या वेळी खरंच. आठवडाभर आमच्या भिंतीवर लावून तपासलं, आता तुमच्याकडे पाठवते आहे. बक्षीस तुमचं आहे, तुमच्या तळघरात लावा.

बंद करताना एक तुकडा उरला. मी विचारलं, हा कुठला राहिला गं? पक्कडताई म्हणाली, "बाई, हाच मध्ये अडकून बसला होता. तो काढला आणि चालू झालं." तुकड्यावर तुमच्या खात्याचा शिक्का आहे. भिंतीवर सगळ्यात वर लटकवलाय.

तुमची वहिनी